चैत्रातून चैत्र वजा

चैत्रातून चैत्र वजा करताना मी अधिक महिना विसरलो.

वाशीच्या एका कॉलेजात मी तेव्हा भौतिकशास्त्र शिकवत असे. म्हणजे दुसऱ्यांना काटेकोरपणा शिकवत असे. तळवलीच्या एका म्हाताऱ्या मासेमाराला थर्मामीटर मीच दिला होता. भरती तिथीवर चालते, म्हणून तो दर अष्टमीला सकाळी खाडीचं पाणी मोजून तिथीसकट वहीत लिही. पाच वर्षांत एक अष्टमी चुकली नाही. मग एका पौषापासून शेजारच्या कारखान्यानं खाडीत गरम पाणी सोडायला घेतलं आणि म्हाताऱ्याच्या जाळ्यात मेलेली कोळंबी येऊ लागली. तक्रार त्यानं केली. पुरावा मी देणार होतो.

पाणी चैत्रात तापतंच, पौषात निवतंच. ऋतूचं हे दरवर्षीचं चढणं-उतरणं आधी काढून टाकायचं: यंदाच्या प्रत्येक महिन्यातून त्याच महिन्याची मागची सरासरी वजा करायची, उरेल ती कारखान्याची करणी. चैत्रात तर इतकं उरलं, की मी आलेख लाल शाईनं काढला.

सुनावणीला बसलेल्या सरकारी साहेबांनी आलेख पाहिला, मग वही चाळली.

"सर, लग्न झालंय?"

"झालंय की."

"मग गेल्या वर्षी सासऱ्यांनी अधिकाचे अनारसे नाही दिले?"

तेहतीस दिले होते. बहुतेक मीच खाल्ले होते. आणि त्या अधिक महिन्यामुळे यंदाचा चैत्र मागच्यापेक्षा जवळजवळ तीन आठवडे उशिरा, ऐन उन्हात आला होता. सूर्यानं तापवलेलं पाणी मी कारखान्याच्या माथी मारलं होतं.

इथवर गाढवपणा माझा. पण साहेबांनी तेवढ्यावर फाइल बांधून टाकली. मी आठवडाभर बसून एकेका तिथीची इंग्रजी तारीख काढली, वजाबाकी नव्यानं केली. लाल रेघ बुटकी झाली, मेली नाही. पाणी तापलं होतंच. घेऊन गेलो, तर साहेब म्हणाले, "तुमचे आकडे दर आठवड्याला बदलतात."

अहो, आकडे म्हाताऱ्याचे. त्यातला एकही बदलला नव्हता. बदलली होती माझी अक्कल, आणि शिक्षा त्याला? एका मास्तरची वजाबाकी चुकली म्हणून खाडी थंड होते काय?

हेच सगळं मी बांधावर उभा राहून, हातवारे करत म्हाताऱ्याला ऐकवलं. तो जाळं झटकत राहिला.

"पानी तापलंय ह्ये माज्या पायांना कवाच कललं व्हतं, मास्तर," तो म्हणाला. "वही तुमच्याकडं दिली, तितंच माजं चुकलं."