मिठागरातला शेवटचा वाफा

रायपूरहून आम्ही निघालो ते मीठ पाहायला. बाबांची सगळी नोकरी गुढियारी भागातल्या रेल्वेच्या मालधक्क्यावर गेली. मिठाच्या किती वॅगनी त्यांनी उतरवून घेतल्या, पण मीठ पिकतं कसं हे कधी पाहिलं नव्हतं. रायपूरजवळच्या नव्या राजधानीतल्या माझ्या ऑफिसातून सुट्टी मिळाली आणि आम्ही रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीवर पोचलो.

मीठ नव्हतंच. फुटके बांध, साचलेलं पाणी आणि खारफुटीची दाट झाडी. बाबा हिरमुसले.

"पोरी, एवढ्या दूर काहून आलो आपण?"

पुढे एका उथळ वाफ्याच्या बांधावर साडी खोचून एक बाई चिखल थापत होत्या. यमुनाबाई. मिठागर बंद पडेपर्यंत त्यांनी याच आगरात मीठ ओढलं होतं.

"अजून मीठ काढता?" मी विचारलं.

"मीठ कुठलं! पाखरांसाठी करते." त्यांनी खाडीकडे बोट दाखवलं. "भरतीत चिखल बुडतो. मग बारक्या पाखरांनी उभं कुठे राहायचं? आगर चालू होतं तेव्हा घोटाभर पाणी असायचं. आता कुठे कमरेएवढं, कुठे झाडी. बगळ्यांचं भागतं. बारकी गेली."

बोलता बोलता पाण्याचा रेटा आला आणि बांध हातभर खचला. बाबा चपला काढून उतरले ते गुडघ्यापर्यंत रुतले. त्यांना ओढायला मी गेले, तर मीही चिखलात बसले. यमुनाबाई हसल्या, पण हात थांबवले नाहीत. तासभर तिघांनी चिखल थापला. बांध तगला.

भरती चढली तसा खाडीवरून करडा थवा आला, वळला आणि आमच्या वाफ्यात उतरला. तुतारी (चोचीने चिखल टोचणारे लहान पक्षी), मागोमाग लांब गुलाबी पायांचे शेकाटे. काही तर एका पायावर उभे राहून झोपलेही.

बाबा कुजबुजले, "मले वाटे, मीठ फक्त आपल्यासाठीच बनते."

यमुनाबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं. निघताना मी विचारलं, "अमावास्येचं उधाण सोसेल बांध?"

"नाही सोसणार," त्या शांतपणे म्हणाल्या.

माणूस निघून गेला की जागा आपोआप पाखरांची होते, असं मी समजत होते. परतीच्या गाडीत तो समज गळून पडला. आपल्या रोजच्या कामावर कोण कोण विसंबून आहे, हे काम करणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

अमावास्येनंतर मी रायपूरहून यमुनाबाईंना फोन लावला.

"फुटला बाई, दोन्ही अंगांनी."

बाबांनी फोन माझ्या हातून घेतला. "ताई, थांबा जरा. आम्ही येऊन राहिलो बांध थापायले."