थांब म्हणणारा माणूस

भडगावजवळ गिरणेच्या काठी एका केळीच्या बागेत मी चिखलात उभा होतो. जमिनीतली ओल मोजणारं आमचं यंत्र तीन दिवस चुकीचे आकडे दाखवत होतं आणि शेतमालक बांधावरून माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात आमच्या सरांच्या मुलीचा, माधुरीचा फोन आला. "दादा, नाना गेले... चहा मागितला, आणि मी चहा आणेपर्यंत..." मी यंत्र तसंच सोडून निघायला हवं होतं. निघालो नाही. वायर बदलली, आकडे जुळले, मग गाडीला किक मारली. नानांनी हेच करायला लावलं असतं, असं मी त्या दिवशी भेटेल त्याला सांगत होतो. खरं म्हणजे त्या घरी जायची माझी हिंमत होत नव्हती. आज दीड महिना झाला, म्हणून लिहायला बसलोय.

प्रा. मुरलीधर बोंडे, म्हणजे आमचे नाना, जळगावच्या विद्यापीठात उपकरणशास्त्र शिकवायचे. मूळचे शिरपूरकडचे. वर्गात पुस्तकी मराठी, पण राग आला किंवा माया आली की अहिराणी. आमच्या वेळी निकाल लागला की पोरं बॅगा भरून पुण्याची बस धरायची. गावात राहिला तो कुठंच न लागलेला, असं लोक धरूनच चालायचे. माझ्या हातात बंगळूरची नोकरी होती. नाना म्हणाले, "जाशी तर जाय. पन एक वरीस थांब. तू करेल यंत्र वावरमा लागू दे, मंग जाय." मी थांबलो. ते वर्ष अजून संपायचंय.

शिक्षण संपलेल्या माणसाला प्रयोगशाळेत बसायची परवानगी नव्हती. नानांनी त्यावर तोडगा काढला. उपकरण दुरुस्तीचा सहा महिन्यांचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता, त्याकडे कुणी फिरकत नसे. नानांनी माझ्यासकट गावात थांबलेल्या आम्हा चौघांची नावं त्यात घातली. तो संपला की पुन्हा घातली. तोच अभ्यासक्रम मी सात वेळा केलाय. आणि हे गृहस्थ दर वेळी रीतसर परीक्षा घ्यायचे. एकदा तर त्यांनी मला नापास केलं. तोवर माझं लग्न झालेलं, सासरे विचारायचे, जावई अजून शिकतायत का? मी तणतणत गेलो तर शांतपणे म्हणाले, "उत्तर चुकलं होतं तुझं. मी काय करू?"

यंत्र चालायला लागलं, पण विकलं जाईना. पिंप्राळ्यात कांतीशेठचं पंप आणि मोटारींचं दुकान होतं. आजोबांच्या वेळी राजस्थानातून आलेलं त्यांचं घराणं. नानांनी त्यांना प्रयोगशाळेत आणलं. आम्ही तासभर यंत्राची अचूकता समजावत होतो. शेठ सगळं ऐकून म्हणाले, "चालतं कसं ते राहू द्या. बंद पडलं तर कोण येणार, ते सांगा." आज इथं जे काही उभं आहे ते या प्रश्नामुळे, असं मी मानतो. बाहेरच्या कंपनीचा माणूस यायला आठवडा लागायचा, आम्ही स्कूटरवरून त्याच दिवशी पोचायचो. दुकानामागचा गाळा शेठनी आम्हाला दिला. पुढं आमच्यातले दोघं फुटले आणि त्यांनी धुळे-शिरपूरच्या जिनिंग कारखान्यांसाठी कापसातली ओल मोजायचं यंत्र काढलं. त्यांच्यातून आणखी कुणी फुटलं. भांडणं झाली, तोंडं फिरवून झाली. पण हिवाळ्यात भरीत पार्टीला सगळे एकाच शेतात जमायचे, कारण बोलावणं नानांचं असायचं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजून होईपर्यंत प्रत्येकानं यंदा आपलं काय फसलं ते सांगायचं, हा त्यांचा नियम. कुणी बढाई मारू लागला की सगळं ठाऊक असल्यासारखा हात झटकत नाना म्हणायचे, "बठ्ठा माहीत शे. फसनं काय ते सांग." एकाचं फसलेलं दुसऱ्याच्या कामी यायचं. मग विद्यापीठातली पोरं आमच्याकडे कामाला येऊ लागली, गाळे वाढले, बाहेरच्या मोठ्या कंपन्यांनीही इथं ऑफिसं थाटली. एक दिवस साहेब लोकांनी येऊन समारंभ केला आणि सांगितलं की एकाच धंद्याच्या अशा वस्तीला क्लस्टर म्हणतात. त्या समारंभात नानांना तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. मी धुसफुसत होतो, ते लाडू खात होते.

माझा खरा राग मात्र वेगळा होता. माधुरी ही त्यांची एकुलती एक मुलगी, आमच्याच शाखेची आणि माझ्याहून हुशार. तिला पुण्यात नोकरी लागली तेव्हा नाना स्वतः तिला सोडायला गेले. मला थांबवलं आणि पोटच्या पोरीला पाठवलं... मी आतून जळलो. वर्षभर त्यांच्या घरची पायरी चढलो नाही. ते रोज सकाळी गाळ्यावर यायचे, मी हो किंवा नाही एवढंच बोलायचो. पुढं बोलणं सुरू झालं, पण हा प्रश्न काही मी विचारला नाही. बायकोनं माझ्यासाठी सोडलेली बदली, कामगारांच्या पगाराचा दिवस जवळ आला की करावी लागणारी पैशांची जुळवाजुळव, पन्नाशीच्या आधीच आलेला हा शीण... सगळ्याचं खापर मी मनातल्या मनात त्यांच्यावर फोडत राहिलो.

दशक्रियेनंतर पाहुणे पांगले तेव्हा माधुरी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दादा, मलाही इथंच राहायचं होतं. तुमच्या गाळ्यात काम करते म्हणाले मी. नानांनी ऐकलं नाही. म्हणाले, एक जनले थांबाडं, त्यानं काय व्हई ते माले माहीत नहीं. आते कोनलेबी थांब म्हनानी माले भीती वाटस."

ते रोज सकाळी यंत्रांची विचारपूस करायला येतात असं मी समजत होतो, येत होते ते माझ्या काळजीनं... मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

निवृत्तीनंतर नाना आमच्या गाळ्यात तपासणीच्या टेबलापाशी एका लाकडी स्टुलावर बसून असायचे. ते गेल्यापासून त्यावर कुणी बसत नाही. परवा कविता आली आणि नेमकी तिथंच बसली. ही भडगावची मुलगी, आमच्याकडची सगळ्यात चांगली प्रोग्रामर. हैदराबादची नोकरी मिळाली म्हणाली. मी अभिनंदन केलं, तिकडं राहायची सोय झाली का विचारलं. झाली म्हणाली, पण उठेना.

"सर, तुम्ही एकदा तरी थांब म्हणाल, असं वाटलं होतं."

स्टुलाच्या कडेला नानांच्या हातानं लाकूड गुळगुळीत झालंय, त्यावरून ती अंगठा फिरवत होती. इथं राहून हिचं काय होईल, मला खरंच माहीत नव्हतं.

"थांब," मी म्हटलं.

विचार करून सोमवारी सांगते म्हणाली आणि कामाला लागली. मला मात्र तेव्हापासून तिची काळजी लागली आहे.