मूळ नसलेली जुडी

बाजारात फोडशी दिसली आणि मी गुडघे विसरून धावलेच! कांद्याच्या पातीसारखी ही रानभाजी पावसाळ्यात मोजकेच दिवस मिळते. जुडी उलटी करून पाहिली, तर नुसती कापलेली पाती, मूळ कुठेच नाही. म्हणजे ते डोंगरात अजून जिवंत आहे!

नवी सून असताना मी अतिशहाणीने खुरप्याने अख्ख्या उतारावरची फोडशी मुळासकट उपटली आणि टोपली मिरवत घरी आणली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वा गं! आता पुढच्या वर्षी काय उपटशील?" तिथे पुन्हा फोडशी उगवलीच नाही. मागे काय ठेवलं ते वळून बघायचं वयच नव्हतं ते.

"कुठल्या डोंगरावरची गं?" मी हरखून विकणारीला विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. "ते नाही सांगायचं, आजी."

"अगदी बरोबर!" मी जुडी छातीशी धरली. "माझ्यासारखीला तर कधीच सांगू नकोस."