ओहोटीचा फोटो

रायपुरात तलावासाठी भांडायची एक पद्धत आहे आणि ती मला झोपेतही येते. भर उन्हाळ्यात तलावावर जायचं, तडकलेल्या चिखलाचा फोटो काढायचा. वर जाड काळ्या अक्षरांत एक ओळ, खाली एक गुन्हेगार, त्याच्याखाली एक मागणी. गुढियारीतल्या छापखान्यात पत्रक छापून संध्याकाळपर्यंत प्रत्येक पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, घरोघरी वाटायचं. पत्रकात 'कदाचित' हा शब्द येत नाही, असं मी नव्या मुलींना शिकवते. शिकवत होते.

हीच पद्धत घेऊन मी मागच्या वर्षी कोकणातल्या एका खाडीवर गेले.

तिथे माझी मावशी राहते. रायपूरच्या समता कॉलनीत वाढलेली, काकांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे तिकडे गेलेली. घर खाडीच्या काठावर, पण तिथून समुद्र दिसत नाही. खाडी माडांच्या आणि भातशेतांच्या मधून वळत वळत बरीच आत आली आहे. वरच्या अंगाला मोठ्या बोटी लावून वाळू उपसून राहिले, असं मावशीनं फोनवर सांगितलं होतं. एवढं मला पुरेसं होतं. राग मी रायपूरहूनच भरून नेला होता.

पोचले त्या संध्याकाळी खाडी काठोकाठ भरलेली होती. सकाळी उठून पाहते तर पाणी नाही. राखाडी चिखल, मधोमध बारीकशी धार, होड्या कुशीवर कलंडलेल्या, आणि चिखलात गुडघाभर रुतून, वाकून खणणाऱ्या बायका. मी फोटो काढला. आमच्या कुठल्याही तलावापेक्षा जास्त मेलेली दिसत होती खाडी.

त्या बायकांमधली एक मावशीची शेजारीण, सगळ्यांची काकी. टोपलीभर तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, घेऊन ती वर आली आणि कसला फोटो काढतेस म्हणून तिनं विचारलं. मी माझ्या भाषणाच्या आवाजात सांगितलं की खाडी मेली आहे.

"मेली कुठं?" काकी म्हणाली. "पाणी समुद्राकडं गेलंय. तू जेवून ये, तोवर तेपण येतंय."

मग तिनं मला काठावर उकिडवं बसवलं आणि गप्प राहायला सांगितलं. मला ते फारसं जमत नाही. पण थोड्या वेळानं चिखल हलायला लागला. निवट्या, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे बटबटीत डोळ्यांचे मासे, बाहेर आल्या. एक नांगी अंगाहून मोठी असलेले खेकडे ती वर-खाली करत बिळाच्या तोंडाशी उभे राहिले. लांब चोचीचे पक्षी शिवण घातल्यासारखे चिखलात टोचत पुढे सरकत होते. एकमेकांजवळ दोन बारीक भोकं दिसली की खाली तिसरी असते, हे काकीनं दाखवलं. बोटाच्या पेराहून लहान शिंपला आला की ती तो पुन्हा चिखलात दाबायची. का, हेही तिनं सांगितलं: पुढच्या साली कुणाला मिळायला नको?

हे सगळं मी पाहिलं. ऐकलं. आणि रायपूरला परत येऊन पत्रक लिहिलं.

'खाडीचं पोट फाडलं!' मजकुरात वाळूच्या बोटी होत्या, पण त्यांचा फोटो लांबून घेतलेला, धूसर. मग चिखलाचा लावला. फोटोत वाकून खणणारी पाठ काकीची. मजकूर कोणी वाचत नाही, फोटो बघतात, हेही मीच शिकवते.

पत्रक फोनवरून तिथपर्यंत फिरत गेलं. खाडीकाठच्या एका रिसॉर्टवाल्यानं ते ग्रामपंचायतीत नेलं: बघा, बाहेरचे लोकसुद्धा सांगतात, खणण्यानं खाडी संपतेय. महिन्याभरात जेटीवर फळा लागला. चिखलात उतरण्यास व खणण्यास सक्त मनाई. खाली 'खाडी वाचवा'. हे शेवटचे दोन शब्द माझ्या पत्रकातले. वाळूच्या बोटी होत्या तिथेच होत्या.

मावशीचा फोन आला. "काहून असं केलं वं? तिचं घर त्या चिखलावर चालते. तुले दिसलं नाही का?"

आमच्या शंकर नगरच्या बैठकीत मी हा किस्सा हसून सांगितला. आपण तलाववाले, भरती-ओहोटी आपल्याला काय माहीत! सगळे हसले. कुणी म्हणालं, नीयत साफ थी ना, बस. मला तो किस्सा आवडायला लागला. पुढे दोन-तीनदा सांगितला, दरवेळी मी थोडी जास्तच भोळी होत गेले.

या हिवाळ्यात पुन्हा गेले आणि ग्रामसभेत अर्ज दिला. 'भरती-ओहोटीची माहिती नसल्याने गैरसमज झाला.' रिसॉर्टवाला अगदी सभ्यपणे उठला. मॅडमना तेव्हा माहिती नव्हती, तर आज आहे कशावरून, म्हणाला. ते हत्यार मीच लिहून त्याच्या हातात दिलं होतं. फळा राहिला.

बाहेर चपला शोधताना काकीनं मला थांबवलं. आवाज चढलेला नव्हता.

"मी तुला सांगितलं होतं ना गं? का नव्हतं सांगितलं?"

ती टोमणा मारत नव्हती. माझा अर्ज ऐकून तिला स्वतःच्याच आठवणीची शंका आली होती. एवढी लाज मला तलावाच्या मोर्च्यात पोलिसांनी गाडीत घातलं तेव्हाही वाटली नव्हती.

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

"मग तेवढंच लिही की."

दुपारी भरती आली. रिसॉर्टच्या लाल-पिवळ्या कयाक पाण्यावर उतरल्या, पर्यटकांची मुलं वल्ही आपटत खिदळत होती, वर तांबूस घार घिरट्या घालत होती. मला त्या मुलांचा राग येईना. खाडी खरंच सुंदर दिसत होती. फक्त त्या पाण्याखाली काकीच्या तिसऱ्या होत्या आणि त्यांना हात लावायची तिला बंदी होती, माझ्यामुळे.

निघताना काकी फळ्याशेजारी उभी राहिली. या खेपेला फोटोत तोंड येऊ दे म्हणाली, मागं नुसती पाठ होती.

काल नवं पत्रक घेऊन गुढियारीत छापखान्यात गेले. पुढच्या ग्रामसभेत वाटायचं आहे. वर एक ओळ: 'काकीनं मला सांगितलं होतं.' खाली जुना आणि नवा, दोन्ही फोटो शेजारी शेजारी, पहिल्याखाली 'ओहोटीच्या वेळी'. मजकुरात लिहिलं आहे की पाणी परत येतं हे मी फोटो काढला त्याच सकाळी काकीनं मला सांगितलं होतं, लहान शिंपला ती परत टाकते हे मी पाहिलं होतं, आणि तरीही मी तो फोटो लावला. मागणी एकच: फळा काढा.

छापखान्यातल्या भैयानं दोनदा वाचलं. "दीदी, ये तो आप ही के खिलाफ है."

"हव," मी होकार भरला, आणि वरची ओळ जाड काळ्या अक्षरांतच ठेवायला सांगितली.