बाबांच्या टूलबारची सफाई

पंचवटीतल्या आमच्या घरी ब्रॉडबँड आलं, तेव्हा नुकत्याच निवृत्त झालेल्या बाबांनी फुकट मिळेल तो टूलबार ब्राउझरला चिकटवला. शेवटी पेपर वाचायला स्क्रीनवर चिंचोळी पट्टी उरली आणि पान उघडेपर्यंत त्यांचा चहा निवायचा. दिवाळीला माहेरी गेले तेव्हा मी सफाईला बसले.

"तो ठेव, त्यात नाशिकचं तापमान दिसतं," बाबा कळवळले.

"अहो, खिडकी उघडा की!" आई म्हणाली.

मी सगळे टूलबार उडवले. पानं झटक्यात उघडू लागली. बाबांचा पेपर लवकर संपला आणि ते स्वयंपाकघरात येऊन आईला भाजी चिरायला शिकवू लागले.

आईने मला बाजूला घेतलं. "होतं तसं हळू करता येईल का गं?"

मग मी बाबांना कॉम्प्युटरवर बुद्धिबळ लावून दिलं. हरल्यावर ते चिडून आत यायचे, पण तोवर भाजी शिजलेली असायची.