जालिंदरच्या तोंडी आल्बर्टचं भाषण

वसईचा आल्बर्ट आखातात, दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट होता, पण जीव त्याचा अडकला होता जुन्या अथेन्समध्ये. शाळेतल्या फादरांनी सांगितलं होतं, की तिथे वकील नसत. ज्याच्यावर आरोप, त्यानेच शेकडो लोकांसमोर उभं राहून बोलायचं. ज्याला जमत नसे तो कुणाकडून तरी भाषण लिहून घेई आणि पाठ करून म्हणे. आल्बर्टला तो लिहून देणारा व्हायचं होतं. स्वतः चार माणसांत उभा राहिला, की त्याची बोबडी वळायची.

संधी आली १९७८च्या मे महिन्यात. सांगलीकडचा जालिंदर डंपर घेऊन बंद रस्त्यात घुसला आणि पाण्याची मोठी पाइपलाइन फोडून बसला. शुक्रवारी सकाळी मेसमध्ये, सगळ्या कामगारांसमोर, गोरा मॅनेजर त्याचं म्हणणं ऐकणार होता. पटलं नाही, तर शनिवारच्या विमानाने घरी.

"आल्बर्टभाऊ, पाटी इंग्लिश आन् अरबीत हुती. मला दोन्ही वाचता येत न्हाई. येवढंच सांगायचंय."

"एवढ्याने भागत नाही रे. मी देतो ते पाठ कर. फक्त माझं नाव कुठे घेऊ नकोस."

कामगारांना अर्जबिर्ज लिहून देणाऱ्या कारकुनाची कंपनी गय करत नसे. तरी आल्बर्टने इंग्रजी भाषण देवनागरीत उतरवून दिलं आणि तीन दिवस घोटून घेतलं. कुठे थांबायचं, हात कधी उचलायचा, सगळं.

जालिंदर एकदाही अडखळला नाही. 'जी आज्ञा कळलीच नाही, ती मी मोडली कशी?' हे वाक्य त्याने असं फेकलं, की मेस चिडीचूप झाली. मागे बसलेल्या आल्बर्टची छाती फुगली.

"वा!" मॅनेजर इंग्रजीत म्हणाला. "इतकं सुरेख इंग्रजी बोलणाऱ्याला 'रस्ता बंद' एवढं वाचता येत नाही?"

आल्बर्टच्या पायाखालची जमीन सरकली. शेतकऱ्याचं भाषण शेतकऱ्याचंच वाटलं पाहिजे, ही तर अथेन्समधल्या त्या भाषणलेखकांची खरी करामत! आणि हा शहाणा नेमकं तेच विसरला होता.

जालिंदरला प्रश्नच कळला नाही. आपलं आवडलेलं दिसतंय, असं समजून त्याने हसतहसत पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली. मॅनेजर लालबुंद झाला.

"माझी थट्टा करतोस? खलास! आल्बर्ट, याचं पत्र टाइप कर."

आल्बर्ट उठला. सगळी मेस त्याच्याकडे बघत होती.

"सर... ते... मी लिहिलं. त्याला येत नाही. एक शब्द येत नाही."

मॅनेजरने जालिंदरला कामावर जायची खूण केली आणि आल्बर्टला ऑफिसात बोलावलं.

शनिवारी विमानतळावर पोचवायला आलेल्या जालिंदरला रडू आवरेना. "डंपर मी घातला, आन् जाताय तुमी. ह्यो कुठला न्याय?"

"डंपर तुझा होता," आल्बर्ट म्हणाला, "पण भाषण माझं होतं ना, जालिंदर."