दोनशे तेरावी ओळ

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात हसते. माफ करा, पण स्वभावच तसा आहे. पंधरा वर्षं डेटाबेसवर काम करतेय, आणि एवढ्या वर्षांत अशी एकही चूक पाहिली नाही जिच्यामागे कोणीतरी माणूस नव्हता. ऑफिसात कोणी "आपोआप झालं" म्हटलं की माझं डोकं फिरतं. आपोआप काही होत नसतं, असं मी सगळ्यांना ऐकवते... म्हणजे, ऐकवायचे.

नोकरी हिंजवडीत. शनिवारी मात्र मी स्वारगेटजवळच्या एका छोट्या संस्थेत जाते. 'बॉम्बे' नावाचा एक अतिशय दुर्मिळ रक्तगट असतो. त्या माणसांना त्याच गटाचं रक्त चालतं, दुसरं कुठलंच नाही. अशा दात्यांची यादी ठेवायची आणि वेळ आली की फोन करून बोलवायचं, एवढंच तिथलं काम. दोन खोल्या, एक जुना कॉम्प्युटर आणि जोशीकाका. काका निवृत्त क्लार्क. यादीतली एकूण एक नोंद त्यांनी स्वतः भरलेली. नोंद भरायला दुसऱ्या कोणाला ते कीबोर्डला बोटसुद्धा लावू देत नाहीत.

त्या शनिवारी सकाळी दहाला पोचले तर बाकावर एक तरुण बसलेला. पवार, खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहणारा. आदल्या दिवशी त्याची बायको बाळंत झाली होती. रक्तस्राव थांबला, पण अंगात रक्त फारसं उरलं नव्हतं. गट बॉम्बे. संध्याकाळपर्यंत एक तरी पिशवी हवीच, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आणि नेमका सॉफ्टवेअरचा शोधायचा स्क्रीन बंद पडलेला. नोंदी उघडत होत्या, पण एका वेळी एकच. मी म्हटलं, सगळा डेटा एक्सेलमध्ये काढते, प्रिंट काढू आणि वाटून घेऊन फोन करू. दहा मिनिटांचं काम!

कसली दहा मिनिटं. फाइल उघडली तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. ९१ लावून लिहिलेले मोबाईल नंबर 9.19E+11 असे. लँडलाइनचे रकाने कोरे. तारखांचे दिवस-महिने उलटे, त्यामुळे कोणी शेवटचं रक्त कधी दिलं तेच कळेना. आणि तीन महिने झाल्याशिवाय परत बोलावता येत नाही.

मी पहिली नोंद उघडली. नावाच्या रकान्यात "॥ श्री ॥". मोबाईल शून्य, लँडलाइन शून्य.

"काका, हे काय?"

"काय म्हणजे? पहिल्या ओळीत श्री नको?"

"अहो, ही वही नाही, डेटाबेस आहे! डेटा बाहेर काढणारा एक्सपोर्ट पहिली ओळ बघून ठरवतो, रकान्यात आकडे येणार की अक्षरं. तुम्ही शून्य लिहिलंत, त्याने सगळ्याचे आकडे केले."

"मग त्याला सांगा, जरा पुढच्याही ओळी वाच. पुण्यात राहतोय, एवढं तरी जमायला हवं."

आमच्या घरी वहीच्या पहिल्या पानावर ७८६ लिहितात, त्यामुळे या विषयावर मी तांबोळ्यांची पोर जास्त काय बोलणार. श्री बाजूला काढले, प्रत्येक रकाना अक्षरांचा केला, मराठीसाठी युनिकोड लावलं. पुन्हा बिघडलं, पुन्हा केलं. पवार दर पाच मिनिटांनी दारात येऊन "मॅडम, झालं का?" विचारायचा आणि उत्तर न ऐकताच परत जायचा. सोडायचं नाही म्हणजे नाही. साडेअकराला यादी स्वच्छ निघाली.

आकडा जुळल्याशिवाय मी फाइल पुढे देत नाही. डेटाबेसमध्ये दोनशे बारा नोंदी, एक्सेलमध्ये दोनशे तेरा.

"श्रींना मोजलंत," काका म्हणाले.

नव्हते मोजले. शेवटची ओळ जास्तीची होती. वैशाली नावाची मुलगी, पत्ता हिंजवडी, मोबाईल. डेटाबेसमध्ये शोधलं, नाही. पुन्हा एक्सपोर्ट केलं, पुन्हा दोनशे तेरा.

काकांनी चष्मा पुसून नाव वाचलं. "ही माझ्या हातची नोंद नाही. चुकीचा नंबर असणार. वेळ घालवू नका."

आधी पुण्यातल्या सहा दात्यांना फोन लावले. दोघांनी नुकतंच रक्त दिलेलं, एकाला ताप, एक परदेशात, दोघांचे फोन बंद. साताऱ्याचे एक गृहस्थ लगेच निघतो म्हणाले, पण यायला वेळ लागणार होता. पवार आता बसतही नव्हता, भिंतीला टेकून उभा होता. त्याच्याकडे बघवेना. मी दोनशे तेरावा नंबर फिरवला.

"तुमचा काहीतरी घोळ झालाय, ताई," पलीकडून ती म्हणाली. "माझा ओ पॉझिटिव्ह आहे. कुठल्याही यादीत मी नाव दिलेलं नाही. आणि हा नंबर तुम्हाला मिळाला कुठून? गेल्या महिन्यातच घेतलाय, नवा कोरा."

काकांनी शेवटची नोंद भरल्याला आठ महिने झाले होते.

मी थांबू शकले असते. पण साध्या तपासणीत बॉम्बे गट ओ म्हणूनच दिसतो, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं. मी तिला सगळं सांगितलं. बाळ एक दिवसाचं आहे, हेही सांगितलं... भावनिक दबाव म्हणा हवं तर. ती म्हणाली, "रक्तपेढीचा पत्ता पाठवा. निघते."

दीड वाजता ती पोचली. तपासणीचा निकाल आला तेव्हा तिथल्या टेक्निशियनने तो दोनदा वाचला. बॉम्बे! चार वाजता तिचं रक्त पवारच्या बायकोला चढत होतं. साताऱ्याची पिशवी आली ती अंधार पडल्यावर. डॉक्टर म्हणाले, तोपर्यंत ती तग धरू शकली नसती. पवार माझे पाय धरायला वाकला, मी त्याला ओरडले आणि मग आम्ही दोघंही रडलो.

सोमवारी ऑफिसातून रजा काढून मी संस्थेत कामाला लागले. आता एक्सपोर्टमध्ये दोनशे बाराच ओळी येत होत्या. शनिवारच्या प्रिंटवर मात्र दोनशे तेरा आहेत. तो कागद अजून माझ्याकडे आहे. म्हटलं ठीक आहे, कारण नंतर शोधू, आधी काकांना विचारून वैशालीची रीतसर नोंद करू. नाव, पत्ता, नंबर भरला, सेव्ह दाबलं.

"ही नोंद आधीपासून आहे."

इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची आतली सूची, बिघडला असेल, तुमच्यातले जाणकार म्हणतील. मीही तेच म्हटलं. इंडेक्स नव्याने बांधला. तोच मेसेज. दुसऱ्या मशीनवर नेलं, दुसरा डेटाबेस घेतला. तोच मेसेज. शेवटी एक नवं टेबल केलं, संपूर्ण रिकामं, त्यात एकही ओळ नाही, आणि फक्त तिचं नाव टाकून पाहिलं. रिकाम्या टेबलानेही तेच सांगितलं. दुसरं कुठलंही नाव मुकाट्याने आत जातं.

याला काय म्हणायचं मला माहीत नाही. ऑफिसातल्या तिघांना दाखवलं, तिघांनी आधी मला वेड्यात काढलं आणि मग स्वतः करून पाहिल्यावर विषय बदलला. मी सोडलेलं नाही. दर शनिवारी एकदा तरी प्रयत्न करते.

वैशाली आता आमच्यातलीच झाली आहे, तिच्यामुळे आणखी दोघं वाचले. यादीत तिचं नाव आजही नाही. पहिला फोन मात्र आम्ही तिलाच करतो.